फिट येणारं पोर आणि त्याची बुद्धी : एका समजुतीचा इतिहास



आज आपण एका आजाराच्या इतिहासावर बोलणार आहोत. आजार आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. कुणी त्याला फिट म्हणतं, कुणी फेफरं, कुणी मिरगी. लहान मुलाला आली की आपण आकडी म्हणतो. डॉक्टरांच्या कागदावर अपस्मार किंवा एपिलेप्सी असं लिहिलेलं असतं. इतिहास म्हटलं की आपल्याला राजे आणि लढाया आठवतात. पण आजारालाही इतिहास असतो. लोकांनी त्या आजाराला काय समजलं, त्यावर काय काय उपाय केले आणि त्यात कुणाचं नुकसान झालं, तो हा इतिहास.

हा विषय आमच्या बचत गटाच्या वहीतून निघाला. जुन्या वह्या तपासताना अंतर्गत कर्जाची एक नोंद दिसली. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘मुलीचं आजारपण’. सगळ्यांना लगेच आठवलं. गटातल्याच एकीची मुलगी, तेव्हा चौथीत होती. शाळेत परिपाठाच्या वेळी तिला फिट आली. दातखीळ बसली, तोंडाला फेस आला, मुलं घाबरली. बरी होईपर्यंत घरीच ठेवा, असा निरोप शाळेतून आला. आईने गटाकडे पैसे मागितले आणि आम्ही दिले. ते पैसे दवाखान्यात गेले नाहीत, बाहेरचं बघणाऱ्याकडे गेले, आणि हे आम्हाला माहीत होतं. त्या बैठकीत आम्ही सगळ्या बोललो. कुणी नवस सुचवला, कुणी अंगारा. मुलीच्या शाळेचं काय, असं मात्र एकीनेही विचारलं नाही. वर आमच्यातलीच एक म्हणाली, “फिट येणाऱ्या पोरीच्या डोक्यात काही राहत नाही, शिकवून काय उपयोग?” आणि आम्ही माना डोलावल्या.

ही समजूत आमच्या डोक्यात आली कुठून? फिट आली की बुद्धी जाते, हे खरं किती आणि खोटं किती? हे विचारत विचारत, डॉक्टरांशी बोलत, पुस्तकं वाचून घेत आम्ही जे गोळा केलं, ते आज सांगतो.

नावातच स्मरण आहे

आपल्याकडच्या चरकसंहितेत या आजाराला अपस्मार म्हटलं आहे. स्मार म्हणजे स्मरण आणि अप म्हणजे दूर जाणं. फिट आली की माणसाला भान राहत नाही, मधलं काही आठवत नाही, म्हणून हे नाव. चरकाने वात, पित्त, कफ आणि तिन्ही दोष मिळून असे त्याचे चार प्रकार सांगितले आणि औषधंही सांगितली. म्हणजे एवढ्या जुन्या काळीही वैद्य मंडळी याला आजार समजून उपचार करत होती.

तिकडे ग्रीस देशात सुमारे २४०० वर्षांपूर्वी लोक याला ‘पवित्र आजार’ म्हणत. देव अंगात शिरतो म्हणून माणूस पडतो, असं त्यांना वाटे. त्या काळच्या हिप्पोक्रेटस या वैद्याच्या नावाने एक ग्रंथ ओळखला जातो. त्यात स्पष्ट सांगितलं आहे की हा आजार इतर आजारांसारखाच आहे आणि तो मेंदूतून येतो. ज्यांना कारण कळत नाही, तेच देवाचं नाव पुढे करतात, असंही त्यात म्हटलं आहे.

तरी लोकांनी ऐकलं नाही, तिकडेही नाही आणि इकडेही नाही. कारण फिट बघणाऱ्याला भीती वाटते. डोळे पांढरे होतात, हातपाय झटकले जातात, हे बघितलं की कुणीतरी धरलंय असंच मनात येतं. आणि फिटमध्ये काही मिनिटं भान जातं, त्यावरून लोकांनी ठरवून टाकलं की या माणसाची बुद्धीच गेलेली आहे. काही मिनिटांची गोष्ट आयुष्याला चिकटली.

१८४१ : एका बापाने लिहिलेलं पत्र

आता आपण इंग्लंडमध्ये जाऊ, कारण मुलांची आकडी आणि बुद्धीची वाढ यांचा संबंध तिथे एका बापाने पहिल्यांदा नीट लिहून ठेवला. त्याचं नाव विल्यम जेम्स वेस्ट. तो टनब्रिज या गावात डॉक्टर होता. १८४१ साली त्याने ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाला पत्र लिहिलं. ते पत्र त्याच्या स्वतःच्या तान्ह्या मुलाबद्दल होतं.

मूल चार महिन्यांचं होईपर्यंत चांगलं होतं. मग ते अधूनमधून मान पुढे टाकायला लागलं. आधी हलकं होतं, घरच्यांना त्यात विशेष वाटलं नाही. पुढे मान पार गुडघ्यांकडे जायला लागली. लगेच मूल सरळ व्हायचं आणि काही सेकंदांत परत वाकायचं. एका वेळेला दहा, वीस किंवा त्याहून जास्त वेळा असं व्हायचं आणि दिवसातून दोनतीन वेळा अशी पाळी यायची. लंडनच्या एका मोठ्या डॉक्टरांनी अशी मुलं आधी पाहिली होती. मूल वाकून सलाम करतंय असं दिसतं, म्हणून त्यांनी या झटक्यांना ‘सलाम’ हेच नाव दिलं होतं. आपल्या ओळखीचा शब्द तिकडच्या वैद्यकात असा जाऊन बसला.

वेस्टने त्या काळचे सगळे उपाय केले. जळवा लावल्या, डोक्यावर थंड पट्ट्या ठेवल्या, हिरड्यांना चीर दिली, जुलाब दिले, अफूही दिली. कशाचाच उपयोग झाला नाही. पत्रात त्याने आणखी एक गोष्ट लिहिली, ती फार महत्त्वाची आहे. मूल त्याच्या वयाच्या इतर मुलांसारखं हुशारीने बघत नाही, हसत नाही, हातपाय तसे हलवत नाही, असं त्याने नोंदवलं. नुसते झटके येत नव्हते, मुलाची वाढच थांबत चालली होती. बाकीच्या डॉक्टरांना याबद्दल काही माहीत असेल तर सांगा, अशी विनंती त्याने त्या पत्रात केली होती.

त्या बापाला उपाय सापडला नाही. पण त्याने बघितलं, मोजलं आणि लिहून ठेवलं. आज त्या आजाराला जगभर ‘वेस्ट सिंड्रोम’ म्हणतात.

मैत्रिणींनो, आपल्या गावातही असं बाळ असू शकतं. साधारण तीन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या वयात ते सुरू होतं. बाळ झोपेतून उठलं की ओळीने दचकतं, मान टाकतं, हात पसरतं. आपण म्हणतो पोटात कळ येतेय, बाळ घाबरलंय, दृष्ट लागलीय. आई सांगत असते की काहीतरी वेगळं आहे, पण घरातलं कुणी ऐकत नाही. वेस्टच्या पत्रातून आपण एवढं तरी घ्यावं, की आईने डोळ्यांनी पाहिलेलं खरं मानायचं. आज तर हातात मोबाईल आहे. त्या दचकण्याचा व्हिडिओ काढा आणि डॉक्टरांना दाखवा. डॉक्टरांसमोर बाळ दचकेलच असं नाही, व्हिडिओ मात्र दाखवता येतो.

औषध आलं, पण मुलं सुस्त झाली

फिट कमी करणारं पहिलं औषध १८५७ साली पुढे आलं. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीची बाळंतपणं करणारे डॉक्टर चार्ल्स लॉकॉक यांनी ब्रोमाइड नावाच्या क्षाराचा गुण सांगितला. पाळीच्या दिवसांत फिट येणाऱ्या बायकांना त्यांनी ते दिलं होतं. झटके खरंच कमी झाले आणि हे औषध सगळीकडे पसरलं. पण त्याने माणूस सुस्त व्हायचा, बोलणं जड व्हायचं, विसरायला व्हायचं, अंगावर पुरळ यायचं. बघणारे म्हणायचे, बघा, आजाराने याची बुद्धी मंदावली. औषधाने आलेली सुस्तीही आजाराच्याच खात्यावर लिहिली गेली.

त्याच काळात युरोपात फिट येणाऱ्यांसाठी वेगळ्या वसाहती निघाल्या. जर्मनीत बीलेफेल्ड इथे १८६७ साली अशी मोठी संस्था सुरू झाली. काढणाऱ्यांचा हेतू चांगला होता. लोकांना तिथे निवारा मिळाला, काम मिळालं. पण एकदा वेगळं ठेवलं की बाहेरच्यांना वाटायला लागतं, हे लोक आपल्यातले नाहीतच. या समजुतीने पुढे फार वाईट रूप घेतलं. १९३३ साली हिटलरच्या सरकारने कायदा केला. ज्यांचा आजार आनुवंशिक ठरवला जाईल अशांची सक्तीने नसबंदी करायची, आणि त्या आजारांच्या यादीत अपस्मारही होता. अमेरिकेतल्या कित्येक राज्यांतही फिट येणाऱ्यांच्या लग्नाला कायद्याने बंदी होती. तिथली शेवटची बंदी १९८० साली उठली.

औषधांचं पुढचं पाऊल १९१२ साली पडलं. जर्मनीतला एक तरुण डॉक्टर, आल्फ्रेड हाउप्टमान, रुग्णांच्या खोल्यांजवळच राहायचा. रात्रभर रुग्णांना फिट येत आणि त्याला झोप मिळत नसे. रुग्ण शांत झोपावेत म्हणून त्याने त्यांना फेनोबार्बिटोन हे झोपेचं औषध दिलं. बघतो तर त्यांच्या फिटच कमी झाल्या, दिवसाच्यासुद्धा. ही गोळी स्वस्त आहे आणि आजही वापरात आहे.

मग १९३८ साली अमेरिकेत मेरिट आणि पटनम या दोन डॉक्टरांनी फेनिटॉइन या औषधाचा गुण दाखवून दिला. त्याने फिट थांबत, पण पहिल्या औषधांसारखी झोप येत नसे. तोवर सगळ्यांना वाटत होतं की फिट थांबवायची म्हणजे माणसाला गुंगीत ठेवायलाच हवं. ते खरं नव्हतं. माणूस जागा, सावध राहूनही फिट थांबवता येते, हे तेव्हा कळलं. शाळेत बसणाऱ्या मुलासाठी ही फार मोठी गोष्ट होती.

वर्गात हरवलेली मुलं

पडून झटके येतात तीच फिट, असं आपण समजतो. पण काही फिट दिसतच नाहीत. त्या दिसायला लागल्या मेंदूच्या आलेखामुळे. डोक्याला तारा लावून कागदावर लाटा काढतात, ती तपासणी आपल्यातल्या काहीजणींनी पाहिली असेल. डॉक्टर तिला ईईजी म्हणतात. तिचा शोध हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरने लावला आणि १९२९ साली तो छापून जगापुढे मांडला. या तपासणीत दुखत नाही आणि मेंदूला शॉकही देत नाहीत. हृदयाचा आलेख काढतात तसाच हा मेंदूचा.

१९३५ साली अमेरिकेतल्या बोस्टन शहरात डॉक्टरांनी काही मुलांचे असे आलेख काढले. ही मुलं पडत नसत. बोलता बोलता काही सेकंद थांबत, एकटक बघत राहत आणि परत बोलायला लागत. तेवढ्या सेकंदांत आलेखावर सेकंदाला तीन या वेगाने टोकदार लाटा दिसल्या. म्हणजे ती तंद्री नव्हती, ती फिट होती. अशी फिट दिवसात कितीतरी वेळा येऊ शकते. गणित सांगताना पाच सेकंद गेले, श्रुतलेखनात दहा सेकंद गेले, तर त्या मुलाला पुढचं काय कळणार? बाई म्हणतात लक्ष नाही, घरचे म्हणतात आळशी आहे, आणि मूल मार खातं. योग्य औषध मिळालं तर यातली बहुतेक मुलं सुधारतात.

१९५७ साली अमेरिकेतच लँडाऊ आणि क्लेफनर यांनी आणखी एक प्रकार लिहून ठेवला. चांगली बोलणारी मुलं हळूहळू बोलणं विसरत होती. हाक मारली तरी वळत नव्हती. लोकांना वाटलं ती बहिरी झाली. कान चांगले होते. मेंदूत, बोलणं समजण्याच्या जागी फिटच्या लाटांचा गोंधळ चालला होता. म्हणून लक्षात ठेवा, बोलतं मूल बोलेनासं झालं, येत असलेली गोष्ट विसरायला लागलं, तर वाट बघायची नाही. हा प्रकार क्वचित होतो, पण झाला तर त्याला वेळेवर डॉक्टर हवा.

वेस्टच्या मुलाला जो आजार होता, त्यावर उपाय सापडायला शंभराहून अधिक वर्षं लागली. १९५८ साली बेल्जियममधल्या सोरेल या डॉक्टरने एका हार्मोनच्या इंजेक्शनने अशी बाळं सुधारल्याचं छापलं. आज ते इंजेक्शन आहे, तोंडाने द्यायची औषधंही आहेत. पण झटके सुरू झाल्यापासून उपचाराला जितका उशीर, तितकी बाळाची वाढ मागे राहण्याची भीती जास्त, हेही नंतरच्या अभ्यासांतून दिसलं. यात एकेक आठवडा मोलाचा असतो. आपल्याकडे यातल्या पुष्कळ बाळांना जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडलेला असतो, किंवा पहिल्या दिवसांत त्यांच्या रक्तातली साखर उतरलेली असते. म्हणून दवाखान्यातलं बाळंतपण आणि जन्मल्यावर तासाभरात आईचं दूध, या गोष्टी बाळाचा मेंदूही जपतात.

तापातली आकडी आणि फुकटची भीती

इतकं ऐकून कुणाच्या पोटात गोळा आला असेल. म्हणून दुसरी बाजूही सांगतो.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना जोराच्या तापात आकडी येते. ही फार जणांना येते आणि आईबाप हादरून जातात. १९७८ साली अमेरिकेत एलेनबर्ग आणि नेल्सन या दोन संशोधकांनी याचा मोठा अभ्यास छापला. त्यांनी तापात आकडी आलेली मुलं घेतली आणि त्यांची तुलना त्यांच्याच, आकडी न आलेल्या भावंडांशी केली. घर तेच, खाणं तेच, आईबाप तेच. सातव्या वर्षी बुद्धीच्या चाचणीत दोघांत फरक दिसला नाही.

पण भीतीपोटी पुष्कळ डॉक्टर अशा मुलांना रोज फेनोबार्बिटोनची गोळी देत असत. १९९० साली अमेरिकेतला दुसरा अभ्यास आला. तापात आकडी आलेल्या काही मुलांना रोज ती गोळी दिली आणि काहींना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी दिली. औषध घेणाऱ्या मुलांना बुद्धीच्या चाचणीत कमी गुण मिळाले आणि आकड्याही काही थांबल्या नाहीत. आकडीने बुद्धीचं नुकसान झालं नव्हतं, पण तिच्या भीतीने दिलेल्या गोळीने ते होत होतं.

याचा अर्थ गोळी वाईट असा नाही, हे नीट समजून घ्या. ज्याला अपस्मार आहे त्याला गोळी हवीच, आणि ती मनाने बंद केली तर जोराची फिट येऊन जिवावर बेतू शकतं. पण गोळी सुरू केल्यावर मूल पेंगतं, चिडतं, विसरतं असं दिसलं, तर डॉक्टरांना सांगा. मात्रा कमी करता येते, औषध बदलता येतं. तो निर्णय डॉक्टरांचा. पण बदल दिसला हे सांगणं आपलं काम.

आपल्या देशातली गोष्ट

आता परत घरी येऊ. आपल्या देशात ही समजूत कायद्यातही शिरली होती. १९७६ साली हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती झाली आणि वरचेवर वेड किंवा अपस्माराचे झटके येणाऱ्याचं लग्न कायद्याच्या अटीत बसेना. वेड आणि अपस्मार एकाच ओळीत लिहिले गेले. याचा फटका कुणाला बसला असेल, ते आपल्याला सांगायला नको. सून पडली की माहेरी पाठवायला सासरकडे कायद्याचं निमित्त झालं. मुंबईचे डॉक्टर एडी भरुचा यांनी सुरू केलेल्या भारतीय अपस्मार संघटनेने याविरुद्ध वर्षानुवर्षं प्रयत्न केले. अखेर १९९९ साली संसदेने अपस्मार हा शब्द त्या कायद्यातून काढून टाकला. आज फिट येते एवढ्यावरून लग्न मोडता येत नाही. पण लग्नाआधी लपवू नका. मुलगी गोळ्या घेत असेल, तर लग्नाच्या आणि दिवस राहण्याच्या आधी डॉक्टरांना विचारा. काही औषधं पोटातल्या बाळाला बाधतात, ती आधीच बदलावी लागतात.

दुसरी गोष्ट कर्नाटकातल्या यळंदूरची. बंगळूरचे डॉक्टर के. एस. मणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या खेड्यांतल्या अपस्माराच्या रुग्णांवर त्यांच्याच भागात उपचार केले. औषधं साधीच, फेनोबार्बिटोन किंवा फेनिटॉइन. वर्षानुवर्षं ज्यांना औषध मिळालं नव्हतं, अशातल्याही बऱ्याच जणांच्या फिट थांबल्या. हा अभ्यास २००१ साली ‘लॅन्सेट’मध्येच छापून आला, ज्या साप्ताहिकात वेस्टचं पत्र आलं होतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे आणि नीट उपचार मिळाले तर त्यातल्या ७० टक्क्यांपर्यंत लोकांच्या फिट थांबू शकतात.

तिसरी गोष्ट आपल्या महाराष्ट्राची. २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवतो म्हणून कुणाला साखळीने बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं, चप्पल बुडवलेलं पाणी पाजणं हा आता गुन्हा आहे. फिट येणाऱ्या किती मुलांनी आणि बायकांनी हे सोसलं, त्याची मोजदाद कुठल्याच वहीत नाही.

मग मूल मागे का पडतं?

एवढा इतिहास ऐकून आम्ही आमचा प्रश्न परत घेतला. फिट येणाऱ्या मुलाची बुद्धी कमी होते का?

उत्तर असं आहे. फिट येणाऱ्या पुष्कळ मुलांची बुद्धी इतर मुलांसारखीच असते. काही मुलं मात्र खरंच मागे पडतात, ते नाकारायचं नाही. त्याची कारणं वेगवेगळी असतात आणि ती वेगळी करूनच बघायला हवीत. मेंदूला आधीच इजा झालेली असते, जन्माच्या वेळी किंवा मेंदूज्वरात, आणि फिट व वाढ मागे राहणं ही दोन्ही त्या इजेचीच फळं असतात. कधी फिट थांबतच नाहीत, आणि लहान वयात त्यांचा मारा चालू राहिला तर मेंदूला शिकायला उसंत मिळत नाही. कधी औषधाची सुस्ती असते. आणि चौथं कारण, मुलाला शाळेतून काढलेलं असतं, खेळू दिलेलं नसतं, त्याच्याशी कुणी बोलत नाही. या चौथ्या कारणावर डॉक्टरकडे गोळी नाही. ते आपल्या हातातलं आहे.

आमच्या गटातल्या त्या मुलीचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासणी पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतं. ते जी लक्षणं बघतात त्यांत झटकेही आहेत. ते पथक आमच्या गावच्या शाळेतही आलं होतं. पण मुलगी शाळेत नव्हती, घरात होती. तिला घरी ठेवून आम्ही तिच्या शाळेबरोबर तिची तपासणीही बंद केली होती. शेवटी आशाताई तिच्या आईला घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात गेली आणि तिथून जिल्ह्याला पाठवलं. आलेख काढला, गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांत फिट कमी झाल्या आणि पुढे थांबल्या. त्या वेळीही गटाने कर्ज दिलं. वहीत कारण लिहिलं आहे, ‘मुलीची तपासणी, प्रवास व वह्या-पुस्तकं’.

मुलगी परत शाळेत गेली. तिच्या बरोबरीच्या मुली दोन वर्षं पुढे गेल्या होत्या. सुरुवातीला ती वर्गात रडायची, आणि लोक म्हणाले, बघा, डोकं चालत नाही. पण जिने दोन वर्षं पाटीला हात लावला नाही, तिला पाढे कसे येतील? ती दोन वर्षं फिटने नेली नव्हती, ती आम्ही नेली होती. आता ती वाचते, हिशोब करते. गटाच्या बैठकीत कधीमधी आईबरोबर येते आणि आमची बेरीज तपासते.

जाता जाता फिट आल्यावर काय करायचं, ते सांगतो. कांदा नाही, चप्पल नाही, हातात लोखंडी किल्ली नाही. आपल्याला वाटतं कांद्याने गुण आला, पण बहुतेक फिट दोनतीन मिनिटांत आपोआपच थांबते. मुलाला कुशीवर वळवा, गळ्याजवळचं बटण सैल करा, डोक्याखाली पदर किंवा पिशवी ठेवा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीच घालू नका. हातपाय दाबून धरू नका. घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही, एकामागून एक आली, किंवा पहिल्यांदाच आली असेल, तर १०८ ला फोन करा, दवाखाना गाठा. तळं, विहीर, चूल आणि झाड यांच्याजवळ अशा मुलाला एकटं सोडू नका. पण शाळेत पाठवा. शिक्षकांना हे सगळं आपण स्वतः जाऊन सांगा, म्हणजे तेही घाबरणार नाहीत.

आणि एक काम प्रत्येक गटाने करावं. पुढच्या बैठकीत एकमेकींना विचारा, आपल्या वस्तीवर फिट येते म्हणून घरी ठेवलेलं मूल कुणाकडे आहे का? असेल तर नाव आशाताईला कळवा आणि वहीत लिहून ठेवा. पुढच्या महिन्यात ते नाव काढून परत विचारा, मूल शाळेत गेलं का.

भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.